हाराचा फोटो

स्कॅनरचं झाकण लागलं की घरात कुणी जड पावलांनी चालायचं नाही, असा दाक्षायणीनं कायदा केला होता. घरात चालणारे उरले होते एकटे चिंतामणराव, आणि निवृत्त झाल्यापासून ते चालायचे कमी, बोलायचे जास्त. तरी कायदा तो कायदा. टेबल जुनं, त्याचा एक पाय आखूड, पायाखाली पुठ्ठ्याची घडी. जरा धक्का बसला की चित्रात लाट उठायची आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून. "आमच्या आप्पांनी मांडवात बँड वाजत असताना फोटो काढले," चिंतामणराव म्हणायचे, "आणि ह्या मशीनला माझी चप्पल सोसत न्हाय." दाक्षायणी उत्तर द्यायच्या भानगडीत पडायची नाही. झाकणाच्या फटीतून उजेडाची पट्टी सरकताना दिसायची आणि ती तिकडेच बघत बसायची.

आप्पा म्हणजे तिचे सासरे. सात रस्त्याला त्यांचा फोटो स्टुडिओ होता. अक्कलकोटपासून करमाळ्यापर्यंतची माणसं बाजारहाटाला सोलापुरात आली की धुतलेलं धोतर पिशवीतून काढून स्टुडिओच्या मागच्या खोलीत नेसायची आणि आप्पांसमोर ताठ बसायची. आप्पा गेले, स्टुडिओ बंद झाला, जागा दुसऱ्याची झाली. निगेटिव्हचे पत्र्याचे डबे मात्र घरच्या माळ्यावर आले आणि तिथेच बसले. हल्ली हल्ली त्या डब्यांतून लोणचं बिघडल्यासारखा आंबूस वास यायला लागला होता. फिल्म म्हातारी झाली की आंबते, कडेनं वळते, मग तिच्यावरचं चित्र पापुद्र्यासारखं सुटतं. चिंतामणरावांचं मत होतं की डबे उचलून घराबाहेर काढावेत. त्यांची मुलगी उत्कर्षा दिवाळीला पुण्याहून आली ती हा स्कॅनर घेऊन. आईला दोन दिवस शिकवलं आणि गेली. आयुष्यभर पहिलीच्या पोरांना अक्षरं गिरवायला लावलेली दाक्षायणी पासष्टीला टेकताना स्वतः गिरवायला बसली.

लोकांना वाटायचं, सासऱ्यांची आठवण जपतेय. जपत होतीच, पण खरं कारण वेगळं होतं आणि ते फक्त चिंतामणरावांना ठाऊक होतं. दाक्षायणीला तिच्या आईचा चेहरा माहीत नव्हता.

आई, नागव्वा, गेली तेव्हा दाक्षायणी नुकती भिंतीला धरून उभी राहायला लागली होती. अक्कलकोटच्या पलीकडे, घरात मराठी आणि गोठ्यात कन्नड चालणारं त्यांचं गाव. वर्षभरात वडिलांनी चन्नम्माशी लग्न केलं. चन्नम्मा चांगली बाई. लोक सावत्र आईच्या ज्या गोष्टी सांगतात, त्यांतली एकही तिला लागू पडली नसती. दुसरेपणावर आलेल्या बाईनं पहिलीचा टाक पुजायचा, तसा तिनं चांदीचा टाक करून देव्हाऱ्यात ठेवला होता आणि रोज त्याला आधी हळदकुंकू वाहून मग ती स्वतःला लावायची. लहानग्या दाक्षायणीला मांडीवर घेऊन ती त्या टाकाकडे बोट दाखवायची, "ही तुजी अव्वा." सोनारानं ठोकलेली बाई ती. दोन ठिपक्यांचे डोळे, सरळ रेघेचं नाक. कुणाच्याही देव्हाऱ्यात कुणाचीही आई म्हणून बसली असती. पण दाक्षायणी वाढली ती त्या दोन ठिपक्यांना आई समजून. चन्नम्मा गेल्यावर तोच टाक तिच्याकडे आला.

आईचा फोटोच नाही, असं घरात सगळे सांगायचे. मग तिच्या लग्नात सयाजीकाका, वडिलांचे धाकटे भाऊ, जेवणाच्या पंगतीत सहज बोलून गेले, "तुज्या आईचा फोटू काढला हुता की एकदा. ह्या तुज्या सासऱ्याच्याच स्टुडिओत. पर बिगडला त्यो." नव्या नवरीनं धीर करून सासऱ्यांना विचारलं. आप्पा म्हणाले, "बिघडलेला फोटो आपण गिऱ्हाइकाला देत न्हाय. पण निगेटिव्ह टाकतबी न्हाय. असंल कुठंतरी. बघू." ते बघू तसंच राहिलं. सासऱ्याला एकच गोष्ट दुसऱ्यांदा विचारायची त्या काळात सोय नव्हती.

आता विचारायला कुणी नव्हतं, पण डबे होते. अडचण एवढीच की ज्या बाईला आपण कधी पाहिलं नाही, ती समोर आली तरी ओळखायची कशी? पडद्यावर एकेक अनोळखी बाई उमटायची. नाकात नथ, डोक्यावर पदर, कॅमेऱ्याचा धसका घेतलेले डोळे. दाक्षायणी प्रत्येकीकडे बघत मनात म्हणायची, तू का? कुणी ओ द्यायचं नाही. एकदा ती चिंतामणरावांना म्हणाली, "कदाचित पाहून झालीबी असंल मी. पुढची लावली असंल मशीनवर."

डब्यांत काही निगेटिव्ह वेगळ्या होत्या. पोस्टकार्डाएवढ्या मोठ्या, आणि त्यांच्यावर लाल रंग फासलेला. एखादंच माणूस मोकळं, भोवती सगळं लाल. त्यांना स्टुडिओत 'हाराच्या निगेटिव्ह' म्हणायचे. याचं कारण चिंतामणरावांनीच सांगितलं होतं, कारण पोरवयात ते डार्करूममध्ये आप्पांच्या हाताखाली होते. माणूस गेलं की घरच्यांना भिंतीवर लावायला फोटो हवा. एकट्याचा फोटो कुणी काढलेला असायचा? आयुष्यात एकदा काढलेला, तोही चारचौघांत. आणि जित्या माणसाच्या फोटोला हार घालायचा नसतो. त्याचं आयुष्य कमी होतं म्हणतात. मग आप्पा बारीक कुंचला घेऊन गेलेल्याच्या कडेकडेनं लाल रंग भरायचे आणि मागं राहिलेल्यांना झाकून टाकायचे. डार्करूममध्ये लाल दिवा असतो, कारण फोटोच्या कागदाला लाल उजेड दिसतच नाही. त्यामुळे लाल फासलेलं सगळं कागदावर पांढरं स्वच्छ यायचं. बाकीचे स्टुडिओवाले नको ते माणूस ब्लेडनं खरवडून काढायचे, काम झटपट व्हायचं. आप्पांच्या स्टुडिओत ती मनाई होती. "निगेटिव्हला ब्लेड लावायचं न्हाय," ते पोराच्या पाठीत धपाटा घालून सांगायचे. चिंतामणरावांना तो म्हाताऱ्याचा हट्ट वाटायचा.

दाक्षायणीच्या स्वतःच्या घरी तसा एक हाराचा फोटो होता, तिच्या वडिलांचा. ती नऊ वर्षांची असताना ते तापानं गेले आणि काकांनी सोलापुरातून तो फोटो करून आणला. चन्नम्माच्या माघारी टाकाबरोबर तोही इकडे आला. पांढऱ्या पार्श्वभूमीवर पांढरा फेटा बांधलेले वडील, वर चंदनाचा हार. फोटोत एक विचित्र गोष्ट होती. त्यांचा डावा हात कोपरात वाकून पुढे आलेला आणि मनगटापाशी पांढऱ्यात विरघळलेला. पंजा नव्हताच. लहानपणी तिला त्या हाताची भीती वाटायची. मोठी झाल्यावर फोटो उडाला असेल म्हणून तिनं तो विषय सोडून दिला.

त्या दिवशी सोलापूरचा चैत्र आपल्या पद्धतीनं तापला होता. दुपारी खिडक्यांना ओले पंचे लावून, पंखा पाचवर ठेवून दाक्षायणी बसली. उन्हाचा ताव पाहून तिनं आधी सोपं काम घेतलं, उत्कर्षाच्या पाचव्या वाढदिवसाचा रंगीत रोल. केकपेक्षा शेंगांच्या लाडवाकडे बघणारी उत्कर्षा पाहून ती एकटीच हसली. मग नवा डबा उघडला. वास आला. वरचीच निगेटिव्ह हाराची होती. उजेडात धरली तर काळा चेहरा, काळाच फेटा, बाकी अर्धी फिल्म लाल. कडा वळायला लागलेल्या. तिनं ती अलगद काचेवर ठेवली, झाकण लावलं, कळ दाबली. आणि एक चूक केली. जुन्या फिल्म 'काळ्यापांढऱ्या'वर लावायच्या असतात. वाढदिवसाच्या रोलनंतर ते बदलायचं ती विसरली आणि मशीन रंगीतवरच राहिलं.

पट्टी सरकली. पडद्यावर वरून खाली चित्र उतरायला लागलं. आधी फेटा, मग कपाळ, मग मिशा. हे तर दादा. रोज उदबत्ती ओवाळते तेच हे तोंड. तिला गंमत वाटली. सासरच्या डब्यात बाप भेटला. शेजारच्या भागाकडे तिनं पाहिलंच नसतं, तिथे पांढरं येणार हे तिला पाठ होतं. पण तिथे पांढरं आलं नाही. तिथे फिकट, पाण्यात नीळ कालवल्यासारखा रंग आला होता आणि त्या निळाईत रेघा होत्या. एक रेघ पदराच्या काठासारखी. एक वळण खांद्याचं.

दाक्षायणी पडद्याजवळ वाकली. मग तिनं हाक मारली, आणि तिचा आवाज इतका बारीक निघाला की आतल्या खोलीत झोपलेले चिंतामणराव त्यानंच जागे झाले.

"अहो, इकडं या. चप्पल घालू नका."

ते आले. त्यांनी चष्मा लावला, पडद्याकडे पाहिलं, काचेवरची निगेटिव्ह उचलून खिडकीशी धरली, पुन्हा पडद्याकडे पाहिलं.

"रंगीतवर लावलीस व्हय तू?"

"ऱ्हायलं बदलायचं."

"बरं झालं," ते म्हणाले. त्यांच्याही आवाजातली मस्करी गेली होती. "अगं, लाल फक्त कागदाला दिसत न्हाय. ह्या मशीनला दिसतंय. आप्पांचा लाल पातळ असायचा, काचेवाणी. त्याच्या पलीकडचं सगळं जिथल्या तिथं हाय. खरवडलेलं न्हाय. ह्यात फक्त लाल उजेडाचं तेवढं चित्र वेगळं काढता येतं का?"

येत होतं. उत्कर्षानं दाखवलं होतं, दाक्षायणीनं कधी वापरलं नव्हतं. तीन रंग तीन थरांसारखे सुटे होतात, हवा तो ठेवायचा. तिचं बोट दोनदा चुकलं. तिसऱ्यांदा हिरवा गेला, निळा गेला, लाल उरला.

आणि निळाई विरली. तिच्या जागी, वडिलांच्या इतकीच स्पष्ट, इतकीच ठसठशीत, एक बाई बसलेली होती.

दाक्षायणीला पहिल्यांदा भीती वाटली, आनंद मागून आला. बाईच्या डोक्यावर पदर होता, हनुवटीवर गोंदण, कानातलं एक फूल जरा तिरकं झालेलं. नाक सरळ नव्हतंच, चांगलं पसरट होतं. त्याच नाकाला दाक्षायणीनं आयुष्यभर आरशात पाहून नावं ठेवली होती. मांडीवर वर्षाच्या आतलं मूल, गालाला काजळाची तीट, पायात वाळे. आणि डावीकडून एक पुरुषी हात आलेला, त्या मुलाचं एक पाऊल मुठीत धरून. मनगट, पंजा, बोटं, सगळं जिथल्या तिथं. वडिलांचा हरवलेला हात इतकी वर्षं कुठं होता ते तिला आत्ता कळलं. तो तिच्या पायाशी होता.

"ती मी हाय," ती म्हणाली.

"तूच की. तुझ्याशिवाय कोण हुतं त्यांना."

बाई कॅमेऱ्याकडे बघत नव्हती. वडील समोर बघत होते, मूलसुद्धा समोर बघत होतं. आप्पांनी 'इकडं बघा' म्हटल्यावर सगळ्या जगानं बघायचं, पण ह्या बाईनं नेमकी त्याच क्षणाला मान खाली घातली होती आणि ओठ मिटून, गालातल्या गालात हसत, ती मांडीवरच्या मुलीकडे बघत होती.

"म्हणून बिघडला," चिंतामणराव म्हणाले. "आप्पांच्या हिशेबी हा बिघडलेलाच फोटो. पुढच्या बाजाराला या, दुसरा काढू, म्हणाले असतील." पुढचा बाजार नागव्वाच्या वाट्याला आला नाही, हे त्यांनी बोलून दाखवलं नाही.

काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात. हिनं तर कळसा भिंतीवर टांगून रोज त्याला उदबत्ती ओवाळली होती.

दाक्षायणीला एकदम राग आला, आणि तो कुणावर काढावा हे कळेना. "पण आईला का झाकलं? ती तर कवाच गेली हुती. तिलाबी हार घातला असता की. दोघांचा केला असता एकत्र फोटो."

चिंतामणराव चष्मा पुसत राहिले. ते डार्करूममध्ये वाढलेले; कुंचल्याची वाट त्यांना वाचता येत होती. "हे बघ," त्यांनी पडद्याला बोट न लावता दाखवलं. "तिला ठेवायची तर तुला झाकायला पाहिजे. तू तिच्या मांडीवर, तिचे दोन्ही हात तुझ्याभोवती. तुला लाल लावायचं म्हणजे तिचे हात जातात, पदर जातो, अर्धी बाई जाते. आणि तुला ठेवून हार कसा घालणार? तू नऊ वर्षांची, जिती. आधीच आई गेलेली, बाप गेलेला. काकांनी सांगितलं असंल, पोरीवर हार पडता कामा नये. मग आप्पांनी दोघींना झाकलं."

पंखा फिरत होता. शेजारच्या कुंटलोल्लूंच्या घरात कुणीतरी तेलुगूत फोनवर भांडत होतं. दाक्षायणी ऐकत होती आणि ऐकत नव्हती. आई तिच्यामुळे झाकली गेली होती. तिला सोडून आईचा फोटो निघतच नव्हता. ती गोष्ट तिच्या मनात एका जागी बसेना, उलटीसुलटी होत राहिली. राग होता तिथे हळूहळू दुसरंच काहीतरी आलं, आणि त्याला तिच्याकडे नाव नव्हतं. पहिलीच्या पोरांना तिनं हजार शब्द शिकवले होते.

"आप्पांना लग्नात आठवलं नसंल?" तिनं विचारलं.

"काय सांगावं. त्यांच्या हाताखालून चेहरे काय कमी गेले? काकांना वाटलं असंल, झाकलं म्हणजे पुसलंच. आणि लाल धुवायचा तर कुणी धुवा म्हणायला पाहिजे. पण ब्लेड न्हाय लावलं त्यांनी." एवढं बोलून चिंतामणराव थांबले आणि आपल्या पाठीला हात लावून म्हणाले, "मला उगीच न्हाय मारलं म्हणायचं."

दाक्षायणी उठली, देव्हाऱ्यातला टाक घेऊन आली आणि पडद्याशेजारी धरला. दोन ठिपके, एक रेघ. त्या तेवढ्यावर तिनं आणि चन्नम्मानं मिळून साठ वर्षं आई उभी केली होती. तिनं टाक कपाळाला लावून परत ठेवला. इतकी वर्षं सोबत केलेल्याला असं टाकायचं नसतं. मग ती पुन्हा पडद्यापुढे बसली आणि चेहरा मोठा करून पाहिला, पडदाभर. गोंदणाचा प्रत्येक ठिपका वेगळा दिसत होता. गाल अजून बाळसेदार होते.

"अहो, ही पोर हाय हो," ती म्हणाली. "उत्कर्षापेक्षा लहान हाय. एकोणीस-वीस वर्षांची असंल. मी म्हातारी झाले आणि माझी आई..." ती रडली. चिंतामणरावांनी तिच्या पाठीवर हात ठेवला आणि ते तिच्याजवळ बसले. बघता बघता त्यांची नजर बाकीच्या डब्यांकडे गेली. त्यांतल्या प्रत्येक हाराच्या निगेटिव्हमध्ये कुणी ना कुणी असंच लाल पडद्यामागे ताठ बसलेलं असणार होतं. घराबाहेर डबे काढायचा विषय त्यांनी त्यानंतर काढला नाही.

सात रस्त्याच्या लॅबमधून चांगल्या जाड कागदावर फोटो छापून आणला. तिघांचा, आहे तसा. वडिलांचा जुना फोटो दाक्षायणीनं उतरवला, मागची कोळिष्टकं झाडली आणि त्याच खिळ्यावर नवा लावला. चिंतामणरावांनी जुन्या फोटोवरचा चंदनाचा हार काढून, फुंकर मारून, फडक्यानं पुसून हातात तयार ठेवला होता. ते स्टुलावर चढायला लागले.

"काय करताय?"

"हार घालतोय."

"हार न्हाय घालायचा."

"अगं, दादा गेले, आई गेली. आता दोघांनाबी एकच..."

"मांडीवर कोण हाय?" दाक्षायणी म्हणाली.

चिंतामणराव स्टुलावर एक पाय ठेवून थांबले. त्यांनी फोटोकडे पाहिलं, बायकोकडे पाहिलं आणि पाय खाली घेतला.

"मी जिती हाय तवर ह्या फोटोला हार न्हाय," ती म्हणाली. "तिघंबी असेच बसतील."

"मग ह्याचं काय करू?"

"कपाटात ठेवा, कागदात गुंडाळून. कवा घालायचा ते उत्कर्षाला सांगून ठेवते मी."

त्यांनी हार गुंडाळून ठेवला. दाक्षायणीनं उदबत्ती लावली, फोटोसमोर धरली आणि सवयीनं डोळे मिटायला गेली. मग मिटले नाहीत. वर भिंतीवर नागव्वा मान खाली घालून तिच्याकडे बघत होती.